जुन्या गाडीचे न जुळणारे खाते

रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावात धान्याचा व्यापार करणाऱ्या घरांमध्ये दुकान, गोदाम आणि गाडी यांचा संसार एकत्रच चालतो. गाडी बहुधा पंधरा-वीस वर्षांची, डिझेलवर चालणारी पिकअप किंवा जीप असते. सोयाबीन निघाले की दसरा-दिवाळीच्या सुमारास तिला उसंत नसते. पहाटे माल भरून वाशीम किंवा रिसोडच्या बाजारात जायचे, काट्यापाशी रांगेत दिवस काढायचा आणि रात्री दिव्यांच्या उजेडात घरी परतायचे. नेमक्या याच दिवसांत एखाद्या पहाटे सेल्फ नुसता टकटक करतो. चार जणांनी धक्का दिल्यावर गाडी सुरू होते, दिवसभर विनातक्रार चालते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एका किल्लीत सुरूही होते. आठवड्याने पुन्हा तोच प्रकार.

कायमचा बिघाड परवडतो; अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड मात्र घरातल्या सर्वांचा धीर पाहतो. मिस्त्रीकडे नेलेली गाडी तेथे शहाण्यासारखी वागते. मग मालक कंटाळून नवी बॅटरी घेतो. ती महिना-दोन महिने निभावून नेते आणि पुढे तिचीही तीच गत होते. दरम्यान, पुन्हा सुरू होईल की नाही या धास्तीने चालक बाजारातल्या रांगेत इंजिन बंदच करत नाही, आणि तासन्‌तास जळालेले डिझेल कोणाच्याही हिशेबात दिसत नाही.

व्यापारी घराला ही गोष्ट हिशेबाच्या भाषेत लवकर उमगेल. बॅटरी ही शिल्लक आहे. तिच्यात भर घालणारे यंत्र म्हणजे ऑल्टरनेटर, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री आजही डायनामोच म्हणतात. समोरचे दोन दिवे, मागचे दिवे, वायपर, पंखा मिळून रात्री पंधरा-वीस अँपिअरची जावक सहज होते. आवक थांबली, तर साठ-सत्तर अँपिअर-तासांची पूर्ण भरलेली बॅटरीही तीन-चार तासांत रिकामी होते. याउलट सेल्फ दोनशे अँपिअर ओढत असला तरी तो दोन-तीन सेकंदांपुरताच; त्याचा एकूण खर्च अर्ध्या अँपिअर-तासाहूनही कमी. म्हणजे सेल्फ शिल्लक संपवत नाही, ती आधीच संपल्याचे उघडकीस आणतो. जुन्या डिझेल इंजिनाला एकदा सुरू झाल्यावर विजेची फारशी गरज नसते, म्हणून आवक बंद पडली तरी गाडी वाटेत थांबत नाही आणि दुखणे दुसऱ्या सकाळपर्यंत झाकलेले राहते. रात्रीच्या रस्त्यावर दिवे हळूहळू पिवळे पडत जाणे, ही त्याची एकच उघड खूण. ती मात्र गंभीरपणे घ्यावी. मंद दिव्यांची मालगाडी समोरच्या दुचाकीस्वाराला दिसत नाही.

अशा वेळी पहिला खर्च सुट्या भागांवर न करता काही शे रुपयांच्या मल्टिमीटरवर करावा आणि त्याच्या जोडीला एक लहानशी वही ठेवावी. रात्रभर उभ्या राहिलेल्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला, तर ती भरलेली आहे, १२.२ म्हणजे जवळजवळ निम्मी. इंजिन चालू असताना हाच आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान हवा. तेराच्या खाली राहिला तर आवक नाही. पंधराच्या वर गेला तर व्होल्टेज आवरणारा कटआउट बिघडला असून बॅटरी उकळून निघेल. वहीत नुसता आकडा टिपून भागत नाही. इंजिन थंड होते की तापलेले, दिवे लागलेले होते का, पाऊस होता का, रस्ता खड्ड्यांचा होता का, हेही चालकाकडून लिहून घ्यावे. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी मिस्त्रीला जे सांगतात, ते गाडी त्याच्या दारात उभी करून कळत नाही.

नोंदींतून वाट कशी फुटते ते पाहावे. पावसाळी सकाळी, किंवा दिवे लावताच पट्ट्याचा किंचाळल्यासारखा आवाज येऊन आकडा पडत असेल, तर पट्टा सैल झाला आहे किंवा गुळगुळीत होऊन घसरतो आहे. इंजिन बंद करून पट्ट्याच्या लांब बाजूवर अंगठ्याने दाबले असता तो साधारण सेंटीमीटरभर दबावा. फार ताणला तर बेअरिंगचा बळी जातो.

खड्ड्यांच्या रस्त्यावर आकडा वरखाली होत असेल, तर पहिला संशय कार्बनवर घ्यावा. ऑल्टरनेटरच्या आत फिरणाऱ्या दोन कड्यांवर कार्बनचे दोन छोटे तुकडे स्प्रिंगने टेकलेले असतात आणि त्यांच्यातूनच आतल्या गुंडाळीला वीज मिळते. वर्षानुवर्षे घासून ते आखूड झाले की स्प्रिंगचा जोर अपुरा पडतो. एका हादऱ्याने ते कडीपासून सुटतात, दुसऱ्याने पुन्हा टेकतात. धान्याच्या बाजारातील धूळ आणि भुसा त्यात भर घालतात. चार्जिंगचा लाल दिवा लागलेला असताना, चालू इंजिनावर, ऑल्टरनेटरच्या मागच्या अंगाला पेचकसाच्या मुठीने हलकेच टिचकी द्यावी. दिवा विझला तर चोर बहुधा सापडला. हे करताना शर्टाची बाही आणि गळ्यातील उपरणे पट्ट्यापासून दूर ठेवणे अत्यावश्यक आहे. कार्बन बदलण्याचा खर्च शेकड्यांत असतो, बॅटरीचा हजारांत.

त्या लाल दिव्याची परीक्षा वेगळी करावी. किल्ली फिरवली पण इंजिन सुरू नाही, अशा स्थितीत तो लागलाच पाहिजे. बऱ्याच जुन्या गाड्यांत ऑल्टरनेटरला जागे करणारी सुरुवातीची वीज याच दिव्यातून जाते. दिवा जळालेला असेल, तर इंजिनाला जोराची रेस दिल्याशिवाय चार्जिंग सुरूच होत नाही; शिवाय इशारा देणाराच मुका झाल्यामुळे दोष कोणाच्या लक्षातही येत नाही. दहा-वीस रुपयांच्या बल्बने दोन बॅटऱ्या खाव्यात, हा व्यवहार कोणत्याही हिशेबनिसाला रुचणार नाही.

इंजिन तापल्यावरच आकडा घसरत असेल, तर जोड तपासावेत. बॅटरीच्या टर्मिनलवरील पांढरा-हिरवट थर सर्वांना दिसतो. इंजिन आणि चासी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी गंजली आहे का, हे क्वचितच कोणी वाकून पाहतो. सैल जोडाचा अडथळा केवळ ०.०५ ओहम असला, तरी वीस अँपिअरला तो एक व्होल्ट गिळतो. ऑल्टरनेटर १४.२ देत असूनही बॅटरीपर्यंत १३.२ पोहोचतात, आणि तेवढ्यावर ती कधीच पूर्ण भरत नाही. इंजिन चालू, दिवे लागलेले, मीटरचे एक टोक ऑल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर व दुसरे बॅटरीच्या धन टोकावर ठेवावे; फरक ०.३ व्होल्टपेक्षा अधिक नसावा. तीच तपासणी ऑल्टरनेटरचे अंग आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यात करावी, तेथे ०.२ पुरेसे झाले. हे काम पाच मिनिटांचे आहे. डायोडचा दोष असेल, तर तो मात्र ऑटो इलेक्ट्रिशियनच्या बाकावरच कळतो.

एका जुन्या सवयीला येथे आवर घालायला हवा. चालू इंजिनावर बॅटरीची तार काढून ‘गाडी बंद पडते का’ हे पाहण्याची रीत डायनामोच्या काळातली आहे. ऑल्टरनेटरवर तसे केल्यास व्होल्टेजचा झटका बसून डायोड आणि कटआउट दोन्ही जळू शकतात. साधे दुखणे मोठे होते. मिस्त्री कितीही जुना व विश्वासाचा असला, तरी मालकाने नम्रपणे पण स्पष्टपणे त्याला थांबवावे.

दोष सापडला म्हणून त्याच दिवशी बॅटरी टाकून देण्याचे कारण नाही. मात्र पुन्हा पुन्हा रिकामी झालेली बॅटरी गाडीवर चालता चालता पूर्वपदावर येईल, अशीही अपेक्षा ठेवू नये. ती उतरवून बाहेर सावकाश पूर्ण भरून घ्यावी, रात्रभर तशीच ठेवावी आणि सकाळी आकडा पाहावा. १२.५ च्या वर टिकली आणि सेल्फ मारताना दहाच्या खाली गेली नाही, तर हंगाम निघेपर्यंत तिच्यावर विसंबायला हरकत नाही. पुढचे दोन आठवडे, विशेषतः रात्रीच्या फेरीत दिवे लावून, वहीतील नोंदी चालू ठेवाव्यात. कार्बन कोणत्या तारखेला बदलले तेही त्याच पानावर लिहावे.