घरभेटीला जाणती सोबत हवी

वलांडीवर बोंबील वाळत चढले की मुरबे गावात घरी उरतात बाळंतीण आणि म्हातारी सासू. नव्या आशाताईकडे काटा, थर्मामीटर, फॉर्म सगळं असतं. नसतो तो धीर. सासू म्हणते, “बाळ आता निजलंय गो बाय, उद्या ये.” पोरगी मुकाट माघारी फिरते.

नर्सची नोकरी संपली, तरी मी अशा पोरींबरोबर जाते. अगं, निजलेल्या बाळाचेच तर श्वास मोजायचे! घड्याळ धरून पूर्ण मिनिट. साठ किंवा जास्त भरले तर पुन्हा मोजायचे. तेवढेच आले तर गाडी बोलवायची. वर्गात हे शिकवतात. सासूला दुखावल्याशिवाय चटईवर ठाण मांडायला मात्र कुणी शिकवत नाही.

गडचिरोलीत डॉ. बंग दांपत्याच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचं १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापलं. तिथे घरोघरी जाणाऱ्या बायकांच्या पाठीशी नियमित देखरेख होती. २०११ मध्ये घरभेटी देशभर आल्या, पाठीशी उभं राहणारं माणूस तेवढं जागोजागी पोचलं नाही.

निवृत्त सिस्टर गावोगाव आहेत. त्यांना मानधन आणि रिक्षाभाडं द्या, नव्या आशाताईबरोबर पहिले काही महिने फिरू द्या. सत्काराची शाल नको, आमच्याकडे ढीग पडलाय.