वेबसाइटलाही चित्राचा मान हवा

उपयोजित कला शिकवताना वार्षिक प्रदर्शनात एक प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. पाहुणे पोस्टर, मुद्राचित्रं, निसर्गचित्रं बघत बघत संगणकापाशी पोचतात, विद्यार्थ्याने केलेली वेबसाइट दोन मिनिटं चाळतात आणि विचारतात, "छान आहे, पण ही कशाची जाहिरात?" कशाचीच नाही, ही साइट हीच कलाकृती, असं सांगितलं की मान डोलावून पुढच्या जलरंगाकडे वळतात. प्रेक्षकाच्या हाताला प्रतिसाद देणारी वेबसाइट ही दृश्यकला आहे. चित्राला लावतो तेच निकष लावून तिची पारख व्हावी आणि चित्राइतक्याच काळजीने ती जपली जावी, असं मी ठामपणे म्हणतो.

पारख कशाची करायची, हे समजायला ओल्या लिआलिना या रशियन कलावतीची १९९६ सालची 'माय बॉयफ्रेंड केम बॅक फ्रॉम द वॉर' ही कृती बघावी. प्रियकर युद्धावरून परतला आहे आणि दोघांना एकमेकांशी बोलता येत नाही, एवढीच गोष्ट. काळा पडदा, दाणेदार कृष्णधवल चित्रं, तुटक वाक्यं. एखाद्या चित्रावर किंवा वाक्यावर क्लिक केलं की तो चौकोन दुभंगतो, मग त्याचेही तुकडे होतात. संवाद पुढे सरकतो तसा पडदा लहान लहान चौकटींत फुटत जातो आणि शेवटी बऱ्याच चौकटी काळ्या, रिकाम्या उरतात. त्या काळातल्या ब्राउझरमध्ये पडदा विभागण्याची साधी सोय होती. तीच वापरून तिने दोन माणसांमधला दुरावा रचनेतून दाखवला. ही रचना तुमच्या बोटाशिवाय उलगडतच नाही. तो पडदा प्रेक्षक स्वतः फोडतो, म्हणूनच गोष्ट त्याला लागते.

'जोडी' या नावाने काम करणाऱ्या योआन हीम्सकर्क आणि डर्क पासमान्स या कलावंतांनी नव्वदच्या दशकात याच्या अगदी उलट वाट धरली. त्यांचं पान उघडलं की काळ्या पडद्यावर हिरव्या चिन्हांचा नुसता गोंधळ दिसतो. पानाचा सोर्स कोड उघडला की त्याच चिन्हांतून काढलेली हायड्रोजन बॉम्बची आकृती समोर येते. चित्र आणि त्यामागचा कोड यांचं नातं इतक्या धारदारपणे कॅनव्हासवर मांडता आलं नसतं.

आपल्याकडेही हे घडलं आहे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिल्पकला शिकलेल्या मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांनी २००३ मध्ये लंडनच्या 'टेट'साठी 'ब्लेस्ड बँडविड्थ' ही वेबसाइट केली. त्यांनी नेटवर्कची केबल वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थनास्थळी नेऊन तिच्यासाठी आशीर्वाद घेतले. प्रेक्षकाने साइटवर आपला धर्म निवडायचा आणि घरबसल्या आशीर्वाद घ्यायचा. श्रद्धा, बाजार आणि तंत्रज्ञान यांचा हा गुंता प्रेक्षकाला क्लिक करायला लावूनच कळतो. तरीही आपल्या मराठी कलाचर्चेत या कामाचा उल्लेख क्वचितच येतो.

"यात कौशल्य कुठे? हे तर संगणक करतो," असा आक्षेप येतो. माझ्या एका विद्यार्थिनीने पडद्यावर जुन्या वाड्याची भिंत केली होती. कर्सर फिरवला की रंगाचे पोपडे सुटत आणि खालचे जुने थर उघडे पडत, निळा, मग पिवळा, मग कळकट चुना. पोपडा झटकन सुटला तर ते खेळणं वाटे. उशिरा सुटला तर बघणारा कंटाळून निघून जाई. तो वेळ नेमका साधायला तिला सगळ्यात जास्त कष्ट पडले. या माध्यमात रेषा आणि रंगाच्या जोडीला काळही घडवावा लागतो. म्हणून मी मुलांना आधी पेन्सिल देतो. कर्सर इथे असताना पडदा कसा, तिथे गेल्यावर कसा, हे चौकटीमागून चौकट कागदावर काढल्याशिवाय संगणकाला हात लावू देत नाही.

दुसरा आक्षेप विक्रीचा: सगळ्यांना फुकट दिसणारी गोष्ट विकत कोण घेणार? राफाएल रोझेंडाल या डच कलावंताने याचं उत्तर शोधलं आहे. तो वेबसाइट डोमेनसकट विकतो. पानाच्या शीर्षकात संग्राहकाचं नाव येतं आणि साइट सर्वांसाठी खुली ठेवण्याची जबाबदारी करारानुसार संग्राहकावर असते. मालकी एकाची, दर्शन सगळ्यांचं. आपल्या संग्राहकांनी यावर जरूर विचार करावा.

मला खरी काळजी आहे ती जतनाची. ३१ डिसेंबर २०२० ला अॅडोबीने फ्लॅशचा आधार काढून घेतला आणि त्या तंत्रावर उभी असलेली असंख्य कामं ब्राउझरमध्ये उघडेनाशी झाली. आमच्या कपाटात जुन्या विद्यार्थ्यांच्या अशा कामांच्या सीडी आहेत. मोठ्या संग्रहालयांनी मात्र कंबर कसली. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने डग्लस डेव्हिस यांची १९९४ सालची, कुणीही भर घालू शकेल अशा अखंड वाक्याची कृती २०१३ मध्ये पुन्हा चालू केली. जुनं रूप तुटलेल्या दुव्यांसकट तसंच ठेवलं आणि शेजारी चालतं रूपही दिलं. गुगेनहाइम संग्रहालयाने शु ली चेंग यांच्या 'ब्रँडन' या वेब-कृतीसाठी संगणकशास्त्राच्या लोकांना सोबत घेऊन बंद पडलेले भाग नव्याने लिहून घेतले. स्क्रीनशॉट किंवा व्हिडिओ घेऊन ठेवणं म्हणजे जतन नव्हे. कृती प्रेक्षकाच्या हाताखाली चालली पाहिजे.

आपल्या कला महाविद्यालयांना फार मोठा खर्च करावा लागणार नाही. प्रदर्शनात अशा कामासाठी कोपऱ्यातलं टेबल न देता दालनातली मानाची जागा द्या. परीक्षकांत हे माध्यम जाणणारा एक तरी माणूस असू द्या. प्रत्येक विद्यार्थ्याचा सोर्स कोड, त्याने वापरलेल्या साधनांची नोंद आणि कागदावरचे आराखडे महाविद्यालयाच्या ग्रंथालयात जमा करून घ्या. ही सुरुवात याच वर्षीच्या प्रदर्शनापासून करता येईल. पुढच्या वेळी संगणकापाशी पोचलात की तुम्हीही घाई करू नका. माउस हातात घ्या आणि निसर्गचित्राला जेवढा वेळ देता तेवढा त्या मुलांच्या कामालाही द्या.