फी दुकानातून की बँकेतून?



दहावीचा निकाल लागला की ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील आपल्या घरांत शाखा, महाविद्यालय आणि क्लास यांवर खल सुरू होतो. कॉमर्स की सायन्स, बिर्ला की पेंढरकर, सीए की इंजिनिअरिंग. पैशाचा विषय निघाला की घरातील कर्ते पुरुष म्हणतात, "ते दुकान बघून घेईल." तेथे चर्चा संपते. आयुष्य बँकेच्या कर्ज विभागात गेल्यामुळे असेल, परंतु ती खरे तर तेथूनच सुरू व्हावी असे मला वाटते.

बारावीनंतरच्या प्रवेशांचा आणि फीचा काळ साधारण जून ते ऑगस्ट. जांभळी नाक्यावरचा व्यापारी असो वा फडके रोडवरचा कापड दुकानदार, गणपती ते दिवाळीचा माल भरण्याचा काळही तोच. दोन्ही खर्च एकाच कॅश क्रेडिट खात्यातून निघतात. समजा, खात्याची मर्यादा २५ लाखांची आहे आणि साठ्याच्या विवरणपत्रानुसार त्या महिन्यात २० लाखांचीच उचल करता येते. त्यातून चार लाख फी व वसतिगृहासाठी गेले की मालासाठी सोळाच उरतात. मग रोखीची सूट जाते, उधारीचा भाव द्यावा लागतो आणि ऐन हंगामात ग्राहक शेजारच्या दुकानात जातो. मालात घातलेला पैसा दोन-तीन महिन्यांत गल्ल्यात परत येतो. फीमध्ये घातलेला यायला सहा-सात वर्षे लागतात. शिवाय ही उचल बँकेने धंद्यासाठी दिलेली असते. ती अन्यत्र वळवली तर बँक आक्षेप घेऊ शकते.

माझ्या सेवाकाळात कल्याणचे एक हार्डवेअरचे व्यापारी होते. व्यवहार चोख. मुलाचे इंजिनिअरिंग आणि दोन वर्षांनी मुलीचे वैद्यकीय शिक्षण, दोन्हींची फी त्यांनी सीसी खात्यातून भरली. शैक्षणिक कर्ज सुचवले तेव्हा म्हणाले, "मुलांना कर्ज काढून शिकवले असे समाजात कोणी म्हणायला नको." हे वाक्य ते ज्या खुर्चीत बसून बोलले, त्याच खुर्चीत बसून वीस वर्षे त्यांनी दुकानाच्या कर्जाचे नूतनीकरण केले होते. तिसऱ्या दिवाळीला खाते थकले आणि दुकानामागचा गाळा विकावा लागला. मुले शिकली, याचा आनंद आहेच. पण गाळा वाचू शकला असता.

आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. आई किंवा वडील सहकर्जदार असतात. चार लाखांपर्यंत स्वतःचा हिस्साही घालावा लागत नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते आणि १५ वर्षांपर्यंत चालू शकते. तोपर्यंत व्याज सरळ पद्धतीने आकारले जाते. ते दरमहा भरत राहिल्यास पुढचा हप्ता बराच हलका होतो. जुनी करप्रणाली निवडणाऱ्यास भरलेल्या व्याजाची वजावट आठ वर्षे मिळते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण आणि जामीन दोन्ही नाहीत. कौटुंबिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल, तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर विहित अटींनुसार तीन टक्के व्याजसवलतही आहे. मात्र प्रवेश गुणवत्तेवर हवा. व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली की हा दरवाजा बंद होतो. देणगी देऊन जागा "पक्की" करणाऱ्यांनी हे आधी ध्यानात घ्यावे.

आता थोडे अप्रिय. कर्ज मोठे असेल, विशेषतः परदेशी शिक्षणाचे, तर बँक तारणाबरोबर सहकर्जदाराची विवरणपत्रेही पाहते. आपल्याकडे दुकान मोठे, घर मोठे आणि विवरणपत्रातील उत्पन्न मात्र कारकुनाएवढे, असे चित्र दुर्मीळ नाही. कर वाचवल्याचे समाधान मुलाच्या प्रवेशाच्या वर्षी महागात पडते, कारण मागील वर्षांची विवरणपत्रे त्या क्षणी सहजासहजी बदलता येत नाहीत. मूल नववीत असतानाच आपल्या सीएंशी याविषयी मोकळेपणाने बोलावे. सिबिलचा अहवालही तेव्हाच काढून पाहावा. एखाद्या विसरलेल्या क्रेडिट कार्डाची थकबाकी त्यात हमखास सापडते.

नववीतच पाहण्याचे आणखी एक म्हणजे शाळेच्या रजिस्टरमधील नोंद. जानेवारी २०१४ पासून जैन समाज राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित आहे. अल्पसंख्याक महाविद्यालयांतील कोट्यासाठी आणि शिष्यवृत्तीसाठी त्याचा उपयोग होतो. पण अनेक मुलांच्या नोंदीत धर्माच्या रकान्यात निराळेच काही लिहिलेले असते. मूल शाळेत असेपर्यंत मुख्याध्यापकांकडे अर्ज करून दुरुस्ती मागता येते. दाखला हातात पडल्यावर ते फार जिकिरीचे होते.

कर्जाचा अर्ज मात्र मुलानेच भरावा. मुख्य कर्जदार तोच असतो. मंजुरीपत्र त्याने स्वतः वाचावे, व्याजदर बदलता आहे की स्थिर ते विचारावे, सत्राची फी बँकेतून थेट महाविद्यालयाकडे गेली का ते पाहावे. वडिलांनी शेजारी बसावे आणि शक्यतो बोलू नये. व्यापाऱ्याला ते अवघड जाते, हे मी टेबलाच्या पलीकडून पुष्कळदा पाहिले आहे. मुलींच्या बाबतीत तर वडील आणि काका दोघेही उत्तरे देतात आणि जिच्या नावाने अर्ज आहे तिला सही करण्यापुरते पुढे बोलावले जाते. तिला खुर्ची आधी द्यावी.