चंद्रावरचा ठिपका
हौशी मंडळींचा भौतिकशास्त्रातला लाडका प्रश्न प्रकाशाच्या वेगाचा. पृथ्वीवरून लेझरचा झोत चंद्रावर टाकला आणि मनगट झटकून तो या काठावरून त्या काठावर नेला, तर? चंद्राचा व्यास सुमारे ३,४७५ किलोमीटर. ठिपक्याने तो सेकंदाच्या शंभराव्या भागात ओलांडला, तर वेग भरतो सेकंदाला जवळपास साडेतीन लाख किलोमीटर. प्रकाशाचा तीन लाख. झाला की आइन्स्टाइन चितपट! गंमत अशी की हिशेब चोख आहे आणि आइन्स्टाइनही शाबूत आहे. या काठावरून त्या काठावर मुळात काही जातच नाही. प्रत्येक क्षणी चंद्रावर आदळणारे प्रकाशकण वेगळे, पृथ्वीवरून सव्वा सेकंदापूर्वी आपापल्या दिशेने निघालेले. चंद्राच्या एका टोकावरच्या माणसाला त्या ठिपक्याहाती दुसऱ्या टोकाला साधा निरोपही धाडता येणार नाही, आणि सापेक्षता सिद्धांताची हरकत आहे ती प्रकाशाहून वेगवान निरोपाला. असे प्रश्न खुळचट म्हणून उडवून लावणं सोपं. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ झाबिने होसेनफेल्डर यांनी तसं न करता वीस मिनिटांना ५० डॉलर घेऊन हौशी सिद्धांतकारांच्या शंका ऐकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकांत इंजिनियर पुष्कळ. कल्पना उदंड, गणित मात्र जेमतेम. पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेचे जयंत नारळीकर यांची रीत स्वस्तातली होती. सही मागणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर विज्ञानाचा प्रश्न लिहून पाठवा. उत्तर येईल, आणि त्याखाली सहीही.