मॉर्फिन : व्यसन आणि सवय यांतील अंतर

कर्करोगावरील किरणोपचार लागू पडतात, हाडांतील वेदना ओसरते आणि घर सुटकेचा नि:श्वास टाकते. त्याच दिवशी घरातील एखादी कर्ती व्यक्ती रुग्णाच्या मॉर्फिनच्या गोळ्या बंद करते. 'आता दुखत नाही, मग ही अफू कशाला?' हा प्रश्न वरकरणी बिनतोड असतो. परंतु दिवस-दोन दिवसांत रुग्णाला घाम सुटतो, नाक-डोळे वाहू लागतात, अंग मोडून येते, जुलाब होतात, झोप उडते. घरची मंडळी धास्तावतात आणि निष्कर्ष काढतात, 'पाहा, व्यसन लागलेच!'

हा निष्कर्ष चुकीचा तर आहेच, शिवाय रुग्णावर अन्याय करणाराही आहे. काही आठवडे नियमित मॉर्फिन घेतल्यास कोणाचेही शरीर त्याला सरावते. ते एकाएकी तोडले की शरीराचा तोल जातो. ही झाली शारीरिक सवय. व्यसन निराळे. त्यात अनावर ओढ असते, मात्रेवरचा ताबा सुटतो आणि हानी दिसत असूनही सेवन चालूच राहते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स अचानक थांबवल्यासही प्रकृती बिघडते. त्या रुग्णाला मात्र कोणी व्यसनी म्हणत नाही. मॉर्फिनमुळे व्यसनाचा धोका मुळीच नाही, असे नव्हे. म्हणूनच डॉक्टरांची देखरेख हवी. पण या शब्दाच्या धाकाने कित्येक रुग्ण वेदना लपवतात, याची जबाबदारी कोणाची?

उपाय अवघड नाही. वेदनेचे कारण दूर झाले असेल, तर मात्रा पायरीपायरीने उतरवावी. बहुधा दर काही दिवसांनी वा आठवड्यांनी एक-दशांश ते एक-चतुर्थांश. औषध जितका दीर्घ काळ घेतले असेल, तितकी ही उतरण संथ. त्रास वाढल्यास डॉक्टर थोडे थांबतात, प्रसंगी क्लोनिडिनसारखे औषध जोडतात. मात्रा कमी होताना मूळ वेदना परतली, तर उपचारांचा फेरविचार करावा लागतो. आणखी एक इशारा महत्त्वाचा. औषध सुटल्यावर शरीराची सहनशक्ती घटते; पुढे कधी वेदना उठली म्हणून जुनीच मात्रा स्वत:हून घेणे श्वास मंदावून जिवावर बेतू शकते.

घरच्यांच्या अज्ञानाइतकाच दोष व्यवस्थेचाही आहे. औषधांसाठी कायदेशीररीत्या अफू पिकवणारा भारत हा जगातील मोजक्या देशांपैकी एक. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेशात परवान्याने ही शेती होते. नीमच व गाझीपूर येथे सरकारी कारखाने आहेत. तरीही १९८५च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील परवान्यांच्या जंजाळामुळे रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच टाळले. २०१४च्या दुरुस्तीने ही वाट सुकर केली. पण मोठ्या शहरांबाहेर हे औषध मिळवणे आजही दुष्कर आहे. साठा संपला की तालुक्याच्या गावच्या रुग्णाचे औषध सक्तीने तुटते आणि तेच हाल त्याच्या वाट्याला येतात.

म्हणून मॉर्फिन लिहून देताना ते कसे थांबवायचे, हेही रुग्णालयाने त्याच कागदावर लिहून द्यावे. आणि घरच्यांनी ते आग्रहाने विचारून घ्यावे. मरणप्राय वेदना सोसून बरा होऊ लागलेल्या माणसाला आप्तांच्या डोळ्यांत संशय दिसावा, यासारखे दुर्दैव नाही. त्याची शुश्रूषा वेदना थांबताच संपत नाही. शेवटची गोळी सुखरूप सुटेपर्यंत ती चालू राहायला हवी.