एक पाव, तीन कुळं

वडापावातला पाव, पावशेरातला पाव आणि 'देवा, मला पाव' म्हणताना येणारा पाव यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. पावशेरातला संस्कृत 'पाद'चा वंशज: चार पायांतला एक, म्हणजे चौथा हिस्सा. नवसाचा पाव 'प्राप्'पासून आला. खायचा पाव मात्र पोर्तुगीज. लॅटिन 'पानिस'चा त्यांनी नाकातला 'पांव' केला आणि तो गोव्यात उतरवला. तिथे भट्टीवाल्याला आजही पोदेर म्हणतात, तोही शब्द त्यांचाच. कणीक पायांनी तुडवतात म्हणून पाव, ही व्युत्पत्ती अजूनही छातीठोकपणे सांगितली जाते. ती निव्वळ थाप आहे. हेच पोर्तुगीज १५४३मध्ये जपानला पोचले आणि तिथे पावाचा 'पान' झाला; जपानीतून तो कोरियन भाषेत गेला, तिथे 'प्पांग'. हिंदी-बंगालीत पावाला रोटी जोडून 'पावरोटी' म्हणतात, म्हणजे भाकरीची भाकरी! आणि ज्या कंपनी सरकारने पेशवाई बुडवली, त्या 'कंपनी'तही हाच पानिस दडलाय: एकत्र बसून भाकरी खाणारे ते कंपनीवाले. आपली भाकरी त्यात धरली होती की नाही, हे इतिहासकारांनी ठरवावं.