मजुरी दिली, मान राखून ठेवला

इंग्लंडमधील जुन्या कौंटी क्रिकेटमध्ये खेळाडूंचे दोन वर्ग असत. हौसेखातर खेळणारे ते ‘जंटलमन’ आणि पैसे घेऊन खेळणारे ते ‘प्लेअर’. गोलंदाजीचे कष्ट बहुधा मजुरी घेणाऱ्याने उपसावेत आणि कर्णधारपद हौशी गृहस्थाने भूषवावे, असा संकेत होता. हा भेद रीतसर मिटण्यास 1962 साल उजाडावे लागले. हाच खेळ आपल्याकडे आला तेव्हा त्या वर्गभेदावर जातिभेदाचे आणखी एक पूट चढले. बाळू पालवणकर यांचे चरित्र त्याची साक्ष देते.

बाळूंचा जन्म 1876 सालचा, चर्मकार समाजातील. पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात ते खेळपट्टीवर रूळ फिरवीत, जाळ्या बांधीत आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करीत. वेतन दरमहा चार रुपये. पुढे हॅम्पशायर कौंटीकडून खेळलेले ग्रेग यांना बाद केले की बाळूंना आठ आणे बक्षीस मिळे, अशी आख्यायिका आहे. मात्र फलंदाजी हे साहेबांचे काम, चाकराचे नव्हे! डावखुऱ्या फिरकीतील ते प्रभुत्व अशा राबण्यातून आले.

हिंदूंच्या संघाला त्यांची गरज भासली तेव्हा मैदानातील विटाळ संपला; चहाच्या वेळी मात्र तो कायम राहिला. पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यातून. 1906 साली हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. पण पस्तिशीतल्या बाळूंनी तेथील कौंटी संघांसह सर्व प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध मिळून 114 बळी घेतले. एवढे होऊनही हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची नेमणूक कधी झाली नाही. 1920 साली त्यांना वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल हे दोघे बंधू निषेध म्हणून संघाबाहेर पडले. अखेर 1923 साली विठ्ठल यांच्याकडे नेतृत्व आले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी स्पर्धा जिंकली.

कौशल्याला बाजारात किंमत येते, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व आहे. परंतु किंमत मिळणे म्हणजे निर्णयात वाटा मिळणे नव्हे. बाळूंचा चेंडू सर्वांना हवा होता; क्षेत्ररक्षण कसे लावावे हे मात्र दुसऱ्यानेच ठरवायचे होते. आणि हे दोन हिशेब वेगळे ठेवण्याची सवय केवळ साहेबांची नव्हती, ती आपलीही होती.

बाळू 1955 साली मुंबईत निवर्तले. 1937 च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले होते. त्यामुळे ज्यांनी त्यांची आठवण प्रथम जपावी, तेही कदाचित दुरावले असतील. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांपैकी रणजी व दुलीप करंडकांना ससेक्स कौंटीकडून खेळलेल्या दोन राजपुत्रांची नावे आहेत. त्यांचे खेळाडू म्हणून मोठेपण वादातीत आहे. पण रूळ ओढत वर आलेल्याचे नाव कोणत्याही राष्ट्रीय करंडकाला नसावे, हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

आज माहुलच्या तेलशुद्धीकरण कारखान्यांशेजारच्या वस्तीतील मुलाला खेळण्यास कोणी जातीवरून उघड मज्जाव करणार नाही. तेवढ्याने समाधान मानू नये. त्याच्या वाट्याला मैदान येते का, गुण दिसल्यावर प्रशिक्षण मिळते का आणि खेळ संपल्यावर निवड समितीच्या खोलीत त्याला खुर्ची असते का, हे विचारले पाहिजे. एखाद्याचे कष्ट विकत घेणे सोपे असते. त्याच्या हाती सूत्रे देताना समाजाची खरी परीक्षा होते. बाळूंच्या बाबतीत आपण त्या परीक्षेत नापास झालो, एवढे तरी शाळा-महाविद्यालयांतून मुलांना सांगावयास हवे.